बिनक्लचची

मागून कुणीतरी ठोकलं असं वाटून मी भांडायच्या तयारीनं आरशात पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं. पाबळ फाट्यावरचा सकाळचा रस्ता, एक झोपलेलं कुत्रं, आणि दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल, तीही चांगली लांब. काच मी अर्धी खाली केली होती, डोळे घरी ठेवून आलात का हे वाक्य जिभेवर आलं होतं, आणि आता ते ऐकायला माणूस नव्हतं. धक्का गाडीच्या आतून आला होता. ब्रेकवरचा पाय काढला की गाडी आपणहून हळूच पुढे सरकायची, हे इतक्या वर्षांचं आमचं ठरलेलं. आज ती सरकली नाही. नुसती घुरघुरत उभी राहिली, आणि मी ॲक्सिलरेटर दाबल्यावर एकदम पुढे उडाली. एवढंच. ऑफिसात पोचेपर्यंत पुन्हा काही झालं नाही. पण दिवसभर टेलिफोन ऑफिसच्या खिडकीत बसून लोकांच्या तक्रारी ऐकताना, फोन डेड आहे बाई, फोनमध्ये खरखर आहे बाई, तो धक्का माझ्या पाठीत बसून राहिला. एका म्हाताऱ्याची तक्रार मी दोनदा लिहिली आणि दुसऱ्याची लिहिलीच नाही.

माझ्या गाडीला क्लच नाही. शिरूरमध्ये तिला सगळे बिनक्लचची म्हणतात, आणि मलाही बिनक्लचचीवाल्या बाई म्हणतात, तोंडावर नाही, पण म्हणतात. मला काही वाईट वाटत नाही. त्याआधी लोक जे म्हणायचे त्यापेक्षा हे पुष्कळ बरं. माझा डावा पाय पोलिओनं मी दोन वर्षांची असतानाच नेला. म्हणजे पाय आहे, लोखंडी पट्ट्यांच्या बुटात बांधलेला आहे, पण क्लच दाब म्हटलं तर तो ऐकत नाही. पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी ही सत्त्याण्णव सालची पांढरी गाडी विकायला काढली, हिचे गिअर आपोआप पडतात, एका पायानं चालते, असं कळलं, तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. गाडी शिकले आणि एका रविवारी कुणाच्या दंडाला न धरता एकटी न्हावऱ्यापर्यंत गेले. तिथं मला काहीच काम नव्हतं. रसवंतीपाशी गाडी थांबवली, बसल्या जागी रस मागवला. रसवाल्याला माझा पाय दिसला नाही. त्यानं नुसतं विचारलं, "आलं घालू का बाई?" बस. अरेरे नाही, सावकाश नाही, कुणी सोबत नाही का असं नाही. आलं घालू का. घरी येऊन मी रडले, त्या आल्यावर.

तर त्या दिवसापासून मी गाडीवर पाळत ठेवली. सकाळी गार असताना ती जास्त अडायची. तापली की बरी वागायची, पाहुण्यांसमोर पोरं वागतात तशी. घोडनदीच्या पुलाचा चढ लागला की इंजिन रडायला लागायचं, आवाज वर वर जायचा, आणि गाडी मात्र तेवढीच. इंजिन एका घरचं आणि चाकं दुसऱ्या घरची. मी रेडिओ बंद केला, काचा वर केल्या आणि ऐकत राहिले. ऐकायला मला आबांनी शिकवलंय. आबा म्हणजे माझे वडील, मारुतराव, खुटबावचे. त्या पट्ट्यात ज्याच्या विहिरीवर ऑइल इंजिन, त्याच्या तोंडी मारुतराव. इंजिन बंद पडलं की माणूस पहाटे दारात हजर, आणि आबा सायकलला पिशवी अडकवून निघायचे, मागच्या कॅरिअरवर पोत्याची घडी आणि त्या घडीवर मी. आईला, सोजराबाईला, दोन म्हशी आणि एक मी, एवढं आवरायचं नाही असं ती म्हणायची. मला वाटतं आबांनाच मी हवी असायचे. इंजिन सुरू करून ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला लावायचे आणि लाकडी मूठ माझ्या कानाला. "काय म्हंतंय?" "खोकतंय." "कुठनं?" मी बोट दाखवायची. कधी बरोबर असायचं, कधी नाही, पण आबा प्रत्येक वेळी तिथलाच नट आधी सोडायचे. मला चालता येत नव्हतं, ऐकता येत होतं, आणि आबांना तेवढं पुरेसं वाटायचं. आजवर मला भेटलेल्या माणसांत तेवढं पुरेसं वाटलेले ते एकटेच.

पण ह्या गाडीचं दुखणं मला ऐकू येत नव्हतं. आवाज इंजिनाचा होता आणि इंजिन धडधाकट होतं. शिरूरच्या एका मेकॅनिकनं बोनेट उघडलं, वाकून पाहिलं, कपाळाचा घाम पुसला आणि बोनेट लावलं. "बाई, उघडायला मी उघडीन," तो म्हणाला, "पण परत झाकल याची ग्यारंटी न्हाई." दुसरा म्हणाला, इकून टाका. त्याला मी जे सुनावलं त्यानंतर तिसऱ्याकडे गेलेच नाही. आणि मग एका सकाळी रिव्हर्स गेला. आमच्या गल्लीत गाडी तोंड आत करून लावलेली, मी गिअर मागे ओढला आणि गाडी ढिम्म. शेजारच्या रतनबाई पदर खोचून आल्या, दोन्ही हात बोनेटवर ठेवून त्यांनी एकटीनं गाडी रस्त्यापर्यंत मागे ढकलली. "माघारी जायचंच कशाला बाई," त्या धापा टाकत म्हणाल्या, "सरळ जायचं." त्यानंतर मी सरळच जात होते. जिथं वळायला जागा नाही तिथं जायचं नाही, जिथं पुढून कुणी गाडी लावील तिथं थांबायचं नाही. भाजीबाजार सुटला, मैत्रिणीची गल्ली सुटली. हळूहळू गाव लहान होत चाललं होतं, आणि मला पट्ट्यांचा बूट घालून पहिल्यांदा शाळेत बसवलं त्या दिवसाची आठवण येत होती, तिथं तर सगळं जग एका बाकाएवढं होतं.

शेवटी मी मेहमूदला फोन केला. मेहमूदचं दौंडला कुरकुंभ रस्त्यावर गॅरेज आहे, पण मूळचा तो आबांचा. मिसरूड फुटायच्या वयात त्याच्या आईनं, इमामबींनी, त्याला आबांच्या हवाली केला होता, आणि दहा गावांची इंजिनं तो आबांच्या हाताखाली उघडून बसला होता. लक्षणं मी सांगितली. त्यानं ती एकेक करून पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाला, "ताई, खरं सांगू का, असला गिअरबॉक्स मी आजवर उघडलेला न्हाई. पुण्यात जुन्या पार्टवाल्या शाहनवाजभाईकडं उघडताना बघितलाय."

"मग?"

"मग काय. उघडायची इच्छा लई दिवसाची हाय. घिऊन या. कुणाला वढू देऊ नका, ट्रॅक्टरला तर बांधूच नका. हळूहळू चालवत या."

न्हावरं, पारगाव, केडगाव, चौफुला. सायकलवाले मला मागे टाकून जात होते आणि वळून बघत होते. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मी आनंदानं राहिले. माझ्याइतकं हळू जाणारं दुसरं कुणी भेटलंच नसतं. केडगावच्या अलीकडं खुटबावचा फाटा आला आणि हात सवयीनं वळायला निघाला, तो मी सरळ केला. आबांना मी काही कळवलं नव्हतं. त्यांच्या जिवाला घोर नको, एवढंच तेव्हा मनात होतं. वरवंडला गाडी झाडाखाली उभी केली, तापलीये की दमलीये कळेना. चहावाला खिडकीशी कप घेऊन आला, आणि मी विचार करत होते, हिचं आयुष्य इथंच संपलं तर मी इथून हलणार कशी. बूट, पट्ट्या, काठी, हायवे. लोक धावून येतील, मला माहीत आहे लोक कसे धावून येतात. मला त्यांची दया नको होती, मला माझी गाडी हवी होती.

मेहमूदनं गाडीभोवती एक फेरी मारली, हात चोळले आणि आधी चुकलाच. केबल ढिली असंल म्हणून त्यानं केबल ओढून बसवली, गाडी गॅरेजच्या दारापर्यंत नीट गेली, आणि त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की बक्षीसच द्यावं. दारापाशी ती पुन्हा अडली. मग तो खाली बसला. बॉक्समधलं तेल बघायची लांब पातळ काडी असते, ती त्यानं बाहेर ओढली, नाकाशी नेली. "जळालंय," तो म्हणाला. खाली ट्रे ठेवून त्यानं नट सोडला. तेल पडायला वेळ लागला. ते काळं, जाड, काकवीसारखं धार धरून उतरत होतं, आणि ट्रेमध्ये चकाकणारा चुरा फिरत होता. मेहमूदनं दोन बोटांत ते चोळलं, पुन्हा चोळलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई, ह्यात लाल तेल असतंय. पातळ, सरबतागत. त्या तेलाच्या दाबावरच आतल्या प्लेटा धरत्यात." त्यानं बोटं माझ्यापुढं धरली. "ह्ये नव्वद नंबर हाय. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सात घालत्यात ते. एवढ्या जाड तेलात प्लेटा घसरघसरून जळाल्या. बॉक्स गेला."

कुणी भरलं, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ह्या गाडीला हात लावणारं घरचं माणूस एकच, हे दोघांनाही ठाऊक होतं.

खंडेनवमीला मी दर वर्षी खुटबावला जाते. त्या दिवशी आबा आदल्या रात्री रॉकेलमध्ये भिजत टाकलेले नटबोल्टाचे पाने काढतात, एकेक पुसतात, अंगणात पोत्यावर ओळीनं मांडतात, हळदकुंकू, झेंडू, नारळ. मग इंजिन. इंजिन म्हणजे आता आमच्याच विहिरीवरचं, कधी न लागणारं, बाकी सगळीकडं पाण्यातल्या मोटारी आल्या आणि त्या बिघडल्या की पोरं त्या टेंपोत घालून वरवंडला नेतात. आबांना बोलवायला आता पहाटे कुणी येत नाही. दारात कुणाच्या चपला वाजल्या की ते अजून अंथरुणातून अर्धे उठतात, हे मला आईनं सांगितलंय. तर गेल्या खंडेनवमीला मी पुरणपोळी खाऊन आडवी झाले, आणि उठून बाहेर आले तो आबा गाडीखालून निघत होते. धोतर मळलेलं, पांढऱ्या मिशांना तेल, आणि चेहरा इतका खुश की कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "इंजिनाचं त्याल बदललं," ते म्हणाले, "आन् गिअरचं बी. पार पातळ पडलं हुतं गं, लालभडक, पान्यावानी. कुनी बदललंच नव्हतं वाटतं. चांगलं जाडजूड घातलंय. उन्हात डबा तापवला, मंग त्या काडीच्या भोकातनं नळी लावून वतलं. दुपार गेली." सगळी दुपार एका बारीक भोकातून जाड तेल ओतत बसला होता माझा बाप, लेकीच्या गाडीला काही कमी पडू नये म्हणून. मी म्हणाले, "बरं केलंत आबा." मला तरी काय माहीत होतं.

"आबांना न्हाई सांगायचं," मेहमूद म्हणाला. तो ट्रे उचलून कोपऱ्यात ठेवत होता, माझ्याकडं पाठ करून. "माझ्या हातात पैला पाना त्यांनी दिला ताई. सांगू, जुना हुता, गेला. जुन्या गाडीचं काय, जाऊ शकतंय."

मी हो म्हणाले. पण एसटीनं परत येताना मनाला चैन नव्हती. सांगितलं तर आबा पान्याला पुन्हा हात लावणार नाहीत. मी ओळखते त्यांना. एका माणसाच्या इंजिनाचा पिस्टन एकदा त्यांच्या हातून फुटला होता, तर ते जेवायचे थांबले होते. आणि आता तर माझ्या गाडीशिवाय त्यांच्या हाताखाली काही उरलंच नाही. नाही सांगितलं, तर पुढच्या खंडेनवमीला ते उन्हात डबा तापवतील, आणि पुन्हा तेवढ्याच मायेनं ओततील. कुलूप लावून ठेवू का बोनेटला? खंडेनवमीला जायचंच बंद करू? काय सांगू, ऑफिसात काम आहे, सणाच्या दिवशी? ह्या विचारात मी दांडीला धरून उभी, आणि एक कॉलेजचा मुलगा उठून म्हणाला, बसा मावशी, तुम्हाला त्रास आहे. चांगला मुलगा. मी त्याच्यावर डाफरले. मग सगळ्या रस्ताभर मला त्याचं तोंड दिसत राहिलं, आणि बसलेही त्याच्याच जागेवर.

रविवारी एसटीनंच खुटबावला गेले. आबा अंगणात होते, त्यांनी माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं. "गाडी?"

"दौंडला. मेहमूदकडं. सर्व्हिसिंगला."

"काय झालंय?"

"काही नाही. वायरी."

"आवाज कसला येत हुता?"

आणि इथं माझी गाडी अडली. आयुष्यात त्यांनी मला हजारदा विचारलेला प्रश्न, आणि मी कधीही, चुकले तरी, खोटं उत्तर दिलेलं नव्हतं. "आवाज नव्हता," मी म्हणाले. आबा माझ्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे आता निळसर झालेत, समोरचं धूसर दिसतं, पण असे लागले की मीच नजर वळवते. "आवाज न करता कसं काय बिघडंल," ते स्वतःशीच म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले. आईनं भाकरी थापता थापता सगळं माझ्याकडून काढून घेतलं. मी तिला शपथ घातली. आईला शपथ घालणं म्हणजे चाळणीत ताक ठेवणं, पण दुसरं कुणाला सांगणार होते?

मेहमूदनं बॉक्स मिळवला. मागून ठोकर बसून भंगारात गेलेली तसलीच गाडी शाहनवाजभाईच्या वखारीत होती, पुढचा भाग शाबूत. पोत्यात बांधून त्यानं तो पुण्याहून दौंड शटलनं आणला, दोघातिघांनी धरून, आणि डब्यातल्या बायकांनी आत काय आहे विचारल्यावर बोकड म्हणून सांगितलं. हे त्यानं मला फोनवर इतक्या वेळा सांगितलं की बॉक्सपेक्षा त्याला बोकडाचंच जास्त कौतुक दिसत होतं. मी रजा टाकून गेले. जुना बॉक्स खाली उतरलेला होता, लोखंडी तुळईला साखळी लावून नवा वर चढत होता. इंजिन आणि बॉक्सच्या मधे एक गोल डबा बसतो, हंड्याएवढा. तो मेहमूदनं आधी हातानं गोल फिरवत फिरवत बॉक्सच्या तोंडात आत सरकवला. कान अगदी जवळ. "तीनदा टक् व्हायला पाहिजे म्हंतो शाहनवाजभाई. न्हाईतर आतला पंप फुटतोय." दोनदा टक् झालं. मग फिरव फिरव फिरवलं तरी तिसरं होईना. त्याची बोटं घामानं निसटायला लागली, तो थांबला, पुसली, पुन्हा लावली. टक्. आम्ही दोघंही लहान पोरांसारखे हसलो. नंतर त्यानं रेडिएटरकडं जाणाऱ्या बारीक नळ्या फुंकून, धुऊन, पुन्हा फुंकून स्वच्छ केल्या, त्यांच्यात अडकलेलं काळं तेल नव्या बॉक्सात जाऊ नये म्हणून. दुपार कलली तेव्हा सगळे नट बसले होते. मी आत, स्टिअरिंगमागे. मेहमूदनं लाल तेलाचे डबे बाकावर मांडले आणि काडीच्या भोकात नळी लावली.

"मेहमूद, बाजूला सर. त्याल मी वततो."

आबा दारात उभे होते. धुतलेलं धोतर, टोपी, काखेत फडक्यात गुंडाळलेले पाने. चौफुल्यापर्यंत कुणाच्या तरी मोटरसायकलवर आणि पुढे जीपनं आले होते, ह्या वयात. आईनं शपथ पाळली असती तर ती माझी आई कसली. पण किती सांगितलं होतं? आबांच्या चेहऱ्यावरून कळेना. ते लगबगीनं आले, नुसती गाडी बघायला मिळाल्याच्या आनंदात. म्हणजे गाडी उघडलीय, एवढंच सांगितलं असावं तिनं. मेहमूद पटकन डब्यांच्या पुढे झाला. "आबा, आधी बसा की. चहा सांगतो. बायकोला म्हंतो भजी कर."

"चहा पळून चाललाय व्हय." आबांनी त्याला खांद्याला धरून बाजूला केला आणि डबा उचलला. ओतायच्या आधी तेल तळहातावर घ्यायचं, अंगठ्यानं चोळायचं, ही त्यांची जन्माची खोड. मी काचेतून बघत होते. लाल थेंब त्यांच्या तळहातावर पसरला. त्यांनी चोळला. वास घेतला. पुन्हा चोळला, सावकाश.

"ह्ये त्याल?"

"व्हय आबा," मेहमूद म्हणाला.

"ह्यात ह्येच लागतं?"

मेहमूद फडक्यानं हात पुसत राहिला. आबांनी डबा खाली ठेवला. कोपऱ्यात जुना बॉक्स पडला होता, शेजारी तो ट्रे. ते तिकडं गेले, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले, ट्रेमध्ये बोट बुडवलं. एका बोटावर लाल, एका बोटावर काळं. ते बघत बसले. पाठ माझ्याकडं होती, आणि त्या पाठीवरच्या सदऱ्याला आईनं घातलेला टाका मला इतक्या लांबून दिसत होता.

"आबा, बॉक्स जुना हुता," मेहमूद म्हणाला. "माझ्या अब्बाची कसम..."

"अब्बाची कसम नगं खाऊ. चांगला मानूस हुता." आबा उठले. उठायला वेळ लागला. ते गाडीपाशी आले, नळीच्या तोंडाचं नरसाळं त्यांनी हातात घेतलं, फडक्यानं पुसलं, आणि मेहमूदपुढं धरलं. "घे. तू वत. मला कळंना झालंय आता काय बी." पान्यांचं गाठोडंही त्यांनी त्याच्या बाकावर ठेवलं. "ह्ये बी ऱ्हाऊ दे तुझ्याकडं."

मेहमूदनं नरसाळं घेतलं नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. आबाही माझ्याकडं बघत होते, आणि त्या निळसर डोळ्यांत मला समजून घे असं काही नव्हतं, नुसती लाज होती, एवढ्या मोठ्या माणसाची. मला इतका राग आला. त्यांचा, माझा, त्या पाण्यातल्या मोटारींचा. उतरून त्यांच्यापाशी जावं तर बूट, पट्ट्या, काठी, यातच निम्मा वेळ गेला असता. मी काच खाली केली.

"हो, तुम्हीच बिघडवली," मी म्हणाले. मेहमूदनं डोळे मिटले. "काय विचारायचं नाही, पुसायचं नाही, दुपारभर बसून जाड तेल ओतलंत. न्हावऱ्यापासून इथपर्यंत सायकली मला मागे टाकत होत्या. बॉक्स जळाला. तुमच्यानं जळाला. आणि आता मेहमूदला म्हणता तू ओत? तो काय म्हणून ओतील? त्याचा पहिलाच बॉक्स आहे, त्याचे हात बघा कसे कापताहेत. मला गाडी घेऊन शिरूरला जायचंय. उद्या ड्युटी आहे माझी. ओता."

आबांनी नरसाळं तसंच मेहमूदपुढं धरून ठेवलं.

"आबा, गाडी चालू ठेवून तेल बघावं लागतं. मला गिअर टाकावे लागतात, एकानं काडी बघावी लागते. मला उतरता येत नाही. मी कुणाच्या हातात देऊ?" माझा आवाज फुटला आणि मी फुटू दिला. "मला दुसरं कुणाचं चालत नाही. ओता ना."

मेहमूद हळूच बाजूला झाला. आबांनी नरसाळ्याकडं पाहिलं, मग डब्याकडं. टोपी काढून त्यांनी ती माझ्या खिडकीतून आत, शेजारच्या सीटवर टाकली. इंजिन चालू झालं. मला फक्त उघड्या बोनेटखालून त्यांचे हात दिसत होते, एक नळीवर, एक डब्याला. लाल तेल झरझर उतरत होतं, ह्याला दुपार लागत नव्हती. त्यांनी काडी काढली, पुसली, घातली, काढली. "टाक," ते म्हणाले. मी ब्रेक दाबून ठेवला आणि एकेक गिअर सावकाश फिरवला. रिव्हर्सला आले तशी गाडीनं मागे हलकासा ताण दिला, कितीतरी दिवसांनी.

"घेतला," बोनेटमागून आबा म्हणाले. त्यांचा हात मडगार्डवर टेकलेला होता, त्यांना तो हातातच कळला होता. "घेतला गं अनु. म्होरचा टाक."

मी पुढचा टाकला. ताण पुढे आला. आबांनी काडी पुन्हा काढली, उजेडात धरली, मेहमूदला जवळ बोलावलं. "बघ रं, हितवर पायजे का?"

"आनखी थोडं, आबा."

"थोडं म्हंजी किती? नीट सांग. मागल्या टायमाला न विचारता केलं तर ह्ये झालं." त्यांनी दुसरा डबा उघडला आणि ओतायला वाकले. मग वाकलेलेच, माझ्याकडं न बघता, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "ह्येचा एक डबा घरी आनून ठिव. खंडेनवमीला ऐन टायमाला कुठं हुडकत बसू मी?"

"आणते," मी म्हणाले. पुढचं काही दिसत नव्हतं, पण पाय ब्रेकवरून हलवला नाही.